मघेच्या उजेडात लपलेली दीर्घिका नाशिकहून कशी पाहावी

मघा, म्हणजे सिंह राशीतला ठळक तारा, ओळखता आली की अर्धं काम झालं, असं मला खूप जण सांगतात. माझा अनुभव उलटा आहे. मघा सापडते तिथून खरं काम सुरू होतं, कारण जे पाहायचं आहे ते मघेला नजरेआड केल्याशिवाय दिसतच नाही.

पाहायची आहे ती एक बटू दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखाच, पण लहान, ताऱ्यांचा समूह. नकाशांत तिचं नाव लिओ-१ असतं, मी सिंह-१ म्हणते. मघेच्या बरोबर उत्तरेला एक तृतीयांश अंशावर, म्हणजे पौर्णिमेचा चंद्र जेवढा रुंद दिसतो त्याच्या दोन तृतीयांश अंतरावर ती आहे. आपल्या आकाशगंगेच्या सोबतीला ज्या लहान लहान दीर्घिका आहेत, त्यांतल्या सर्वांत दूरच्यांपैकी ही एक. अंतर साधारण ८ लाख २० हजार प्रकाशवर्षं. मघा फक्त ७९ प्रकाशवर्षांवर आहे, म्हणजे देश स्वतंत्र झाला त्या सुमारास तिथून निघालेला उजेड आज आपल्यापर्यंत पोचतो. सिंह-१ चा उजेड निघाला तेव्हा आपल्यासारखा माणूस पृथ्वीवर अजून व्हायचा होता. दोघी एका रेषेत आल्या आहेत, एवढाच त्यांचा संबंध. पण त्या एका योगायोगामुळे ही दीर्घिका १९५० पर्यंत कुणाला सापडली नाही. तिच्या पूर्वेला नऊ-दहा अंशांवर असलेल्या एम ९५ आणि एम ९६ (एम म्हणजे मेसिए यांच्या यादीतला क्रमांक) या दीर्घिका फ्रेंच निरीक्षक पिएर मेशां यांना मार्च १७८१ मध्येच मिळाल्या होत्या. सिंह-१ साठी मात्र अमेरिकेतल्या पालोमार वेधशाळेतल्या ४८ इंची श्मिट कॅमेऱ्याने टिपलेल्या छायाचित्रांच्या काचांवर हॅरिंग्टन आणि विल्सन यांची नजर पडावी लागली.

माझं नाशिकला मेन रोडवर चष्म्यांचं दुकान आहे. सव्वीस वर्षं लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढते आहे. दुर्बिणीचं वेड त्यानंतरचं. सिंह-१ पहिल्यांदा नक्की दिसली तेव्हा मला जाणवलं, की दुर्बिणीपेक्षा दुकानात शिकलेलंच जास्त कामाला आलं होतं. म्हणून या लेखात डोळ्यांबद्दल जरा जास्त लिहिणार आहे.

आधी नाशिकबद्दल. आकाशगंगेच्या सोबतिणींपैकी ज्या नुसत्या डोळ्यांनी दिसतात, ते मोठा आणि छोटा मॅजेलनी मेघ आपल्या वाट्याला येत नाहीत. नाशिक २० उत्तर अक्षांशावर आहे. मोठा मेघ अगदी वर आला तरी क्षितिजालाच चिकटून राहतो आणि छोटा उगवतच नाही. सिंह-१ मात्र आपल्या डोक्यावरून जाते. मध्यरेषेवर, म्हणजे आकाशातल्या उत्तर-दक्षिण रेषेवर, आली की तिची उंची ८२ अंश होते. इतक्या उंचीवर हवेचा थर सर्वांत पातळ. युरोपातल्या निरीक्षकांना हे भाग्य नाही.

महिना कोणता निवडायचा ते पंचांगच सांगतं. माघ पौर्णिमेला चंद्र मघेपाशी असतो, त्यावरूनच महिन्याला माघ नाव पडलं. ती रात्र आपल्यासाठी सर्वांत वाईट. तिथून पंधरा दिवसांनी येणारी महाशिवरात्रीलगतची अमावास्या, आणि पुढची फाल्गुनातली, पाडव्याच्या आधीची अमावास्या, या दोन काळ्या पंधरवड्यांत जमवायचं. माझं मत पाडव्याच्या आधीच्या अमावास्येला. महाशिवरात्रीला त्र्यंबकेश्वरच्या रस्त्यावर रात्रभर गर्दी आणि दिवे असतात, शिवाय मघा उशिरा वर येते. मार्चच्या मध्यावर ती रात्री सव्वानऊला साठ अंश उंचीवर पोचते आणि सव्वाअकराच्या सुमारास मध्यरेषेवर जाते. एप्रिलच्या मध्यावर तीच वेळ सव्वानऊची होते, पण तोवर हवेत धूळ भरते आणि पश्चिमेकडच्या डोंगराळ गावांत भात-नागलीच्या रोपांसाठी राब भाजायला, म्हणजे पालापाचोळा जाळून जमीन भाजायला, सुरुवात झालेली असते. राबाचा धूर दरीत बसला की आकाश दिसायला काळं दिसतं, पण जे जे अंधुक ते सगळं पुसलं जातं.

२०२७ मध्ये जाणार असाल तर आणखी एक गोष्ट. गुरू सिंहेत आला की नाशिकला सिंहस्थ, आणि त्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गुरू मघेच्या पश्चिमेला दहाएक अंशांवर लखलखत असेल. दुर्बिणीच्या क्षेत्रात तो येणार नाही, पण दुर्बिणीवरून डोकं वर काढलं की नजर तिकडेच जाईल. त्याच्याकडे पाहू नका. कारण पुढे सांगते.

जागा. शहरातून हे होत नाही. गंगापूर धरणाच्या काठावरूनही मी दोन वेळा प्रयत्न केला, पूर्वेकडचं आकाश दुधाळच राहिलं. आम्ही गिरणारे ओलांडून वाघेरा किल्ल्याच्या पलीकडे, हरसूलकडच्या बाजूला एका पाड्यावर जातो. द्राक्षाच्या हंगामात गिरणाऱ्यापर्यंत पिकअप गाड्यांचे दिवे डोळ्यांवर येत राहतात, पुढे रस्ता शांत होतो. पश्चिमेला गेल्यामुळे एक अडचण मात्र येते. संध्याकाळी मघा पूर्वेला उगवते आणि पूर्वेलाच नाशिकची प्रभा असते. म्हणून घाई करायची नाही. ती साठ अंशांवर येईपर्यंत थांबायचं, तोवर ती शहराच्या उजेडातून बाहेर येते. मध्यरात्रीनंतर ती जव्हार-मोखाड्याच्या बाजूला कलते, तिकडचं आकाश आणखी चांगलं.

पण अगदी डोक्यावर असताना पाहायचं म्हणू नका. फिरत्या लाकडी बैठकीची डॉब्सनी दुर्बीण सरळ वर रोखली की आडवी हलवायला हाताला जोरच मिळत नाही, आणि आपल्याला तर केसाच्या अंतराने सरकवायची आहे. ६० ते ७२ अंश ही सोन्यासारखी पट्टी. मार्चच्या मध्यावर म्हणजे सव्वानऊ ते सव्वादहा, आणि पुन्हा सव्वाबारा ते सव्वा.

आकाश पुरेसं चांगलं आहे का, हे दुर्बीण उघडण्याआधी तपासा. सिंहेच्या पश्चिमेला कर्क राशीत, पुष्य नक्षत्रात, मधमाश्यांचा पुंज आहे. तो नुसत्या डोळ्यांनी, न शोधता, कापसाच्या बोंडासारखा दिसला पाहिजे. शोधावा लागला तर त्या रात्री सिंह-१ चा नाद सोडा आणि एम ६५, एम ६६ पाहून घरी या.

ज्या आजींच्या खळ्यावर आम्ही दुर्बीण मांडतो, त्यांनी पहिल्याच वर्षी विचारलं होतं की एवढं काय बघता. मघेजवळ एक धुक्याचा डाग आहे, तो बघतो, म्हणून मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "पडतील मघा, नाहीतर वरती बघा." ही म्हण पावसाची आहे. ऑगस्टच्या उत्तरार्धात सूर्य मघेत असतो तेव्हाच्या पावसाला मघाचा पाऊस म्हणतात, तो नाही झाला तर आभाळाकडे बघत बसायची वेळ येते. मला मात्र ती त्या रात्रीपासून आमच्याच कामाची वाटते.

आता दुर्बीण. माझी आठ इंची परावर्ती आहे, आरसा २०० मिलिमीटरचा, नाभीय अंतर (आरशापासून प्रतिमा जुळते तिथपर्यंतचं) १२०० मिलिमीटर. काळ्या आकाशाखाली सहा इंचीतूनही ही दीर्घिका दिसते. दुर्बीण केवढी मोठी यापेक्षा ती किती स्वच्छ, हे इथे जास्त महत्त्वाचं. मघा या दीर्घिकेपेक्षा अडीच हजार पटींहून अधिक तेजस्वी आहे. आयपीसच्या, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाच्या, काचेवर पापणीचा तेलकट डाग असेल तर मघेचा उजेड त्यावर पसरतो आणि सगळं क्षेत्र राखाडी होतं. नेमका तोच राखाडी रंग आपल्याला शोधायचा असतो. आयपीसची डोळ्याकडची काच निघण्याआधी घरी, दिवसा, नीट साफ करा. आधी फुग्याने धूळ उडवा, मग काचेच्या द्रावणात किंचित ओलसर केलेल्या मऊ कापडाने मधून बाहेर गोल गोल पुसा. साडीचा पदर किंवा शर्टाचं टोक वापरू नका. त्यातल्या धुळीने चष्म्यांवर किती ओरखडे पडतात ते मी रोज पाहते. आरसा मात्र उगाच धुऊ नका, वर्षातून एकदा धुतला तरी पुष्कळ.

दुर्बीण दिवसभर गाडीत तापलेली असते. पोचल्या पोचल्या बाहेर काढून ठेवा आणि तासभर हात लावू नका. आरसा गरम असेल तर मघेभोवती उजेडाची पिसं फुटतात. आरसे एका रेषेत आहेत ना, तेही आत्ताच पाहून घ्या.

आयपीस निवडणं हा या कामाचा गाभा आहे. सवयीने आपण २५ मिलिमीटरचा लावतो, क्षेत्र मोठं, सगळं सापडतं. इथे तो लावला की मघा आणि दीर्घिका दोघी एकत्र दिसतात, म्हणजे मघाच दिसते. आपल्याला असं क्षेत्र हवं की दीर्घिका मध्यभागी आणली तर मघा कडेबाहेर जाईल. माझ्या दुर्बिणीला १२ मिलिमीटरचा साधा प्लॉसल (आयपीसचा एक नेहमीचा प्रकार) लावला की १०० पट वर्धन मिळतं आणि अर्धा अंश क्षेत्र दिसतं. मध्यापासून कडेपर्यंत पाव अंश, आणि मघा आहे एक तृतीयांश अंशावर. म्हणजे ती जेमतेम बाहेर. १० मिलिमीटरचा लावला की आणखी थोडी दूर जाते. तुमच्या दुर्बिणीचा हिशोब असाच करा: नाभीय अंतराला आयपीसच्या मिलिमीटरने भागा, वर्धन आलं. आयपीसचं भासमान क्षेत्र, प्लॉसलचं साधारण ५० अंश असतं, त्याला वर्धनाने भागा. उत्तर अर्ध्या अंशाच्या आत आलं पाहिजे.

मी दुकानात एक जुगाड केलं आहे, तेही सांगते. एका जुन्या १५ मिलिमीटर प्लॉसलची नळी उघडली तर आत एक धातूची कडी दिसते, तिच्यामुळे क्षेत्राची गोल कड ठरते. त्या कडीवर मी काळ्या मॅट कागदाची चंद्रकोरीसारखी पट्टी चिकटवली, क्षेत्राचा चौथा हिस्सा झाकेल एवढी. पट्टी नेमकी कडीच्या पातळीवर हवी, म्हणजे तिची कड डोळ्याला धारदार दिसते. मग मघा त्या पट्टीमागे ठेवायची. पट्टी काचेवर चिकटवलीत तर तिची कड अंधुक होते आणि काही उपयोग होत नाही.

आता डोळे. यात मी कुणाचं ऐकत नाही.

डोळ्याच्या पडद्यावर दोन प्रकारच्या पेशी असतात. शंकुपेशी रंग आणि बारकावे पाहतात, त्यांना उजेड लागतो. दंडपेशी अंधारात काम करतात. नजरेच्या अगदी मध्यबिंदूवर दंडपेशी नाहीतच. म्हणून एखाद्या अंधुक डागाकडे सरळ पाहिलं की तो नाहीसा होतो आणि नजर बाजूला नेली की परत येतो. नजर किती बाजूला न्यायची? दहा-बारा अंश, म्हणजे आयपीसमध्ये दिसणाऱ्या वर्तुळाच्या पाव भागाएवढी. आणि कुठल्या बाजूला, हे बहुतेक जण सांगत नाहीत. उजव्या डोळ्याने पाहत असाल तर नजर उजवीकडे न्या, डाव्याने पाहत असाल तर डावीकडे, म्हणजे डाग नाकाच्या बाजूला राहील. उलट केलंत तर डाग डोळ्याच्या अंधबिंदूवर जाऊ शकतो, आणि तिथे पेशीच नसतात.

दंडपेशींना पूर्ण जागं व्हायला अर्धा-पाऊण तास लागतो, आणि पांढरा उजेड एक क्षण जरी डोळ्यात गेला तरी बरीचशी मेहनत पुन्हा पहिल्यापासून करावी लागते. मोबाईल गाडीतच ठेवा. नकाशा कागदावर काढून न्या आणि टॉर्चवर लाल काच किंवा चांगला गडद लाल कागद बांधा. गुरूकडे पाहू नका म्हटलं ते यासाठीच. आयपीसमधून मघाही जितकी कमी पाहाल तितकं बरं. मी मघा डाव्या डोळ्याने शोधते आणि उजवा डोळा हाताने झाकून ठेवते. मघा क्षेत्राबाहेर गेली की मग उजवा डोळा लावते. ही एक युक्ती केली नसती तर मला आजही दिसली नसती असं वाटतं.

चष्मा असेल तर? नुसता जवळचा किंवा लांबचा नंबर असेल तर चष्मा काढा, फोकसच्या खटक्याने तो भरून निघतो. सिलिंडरचा (डोळ्याच्या असमान गोलाईचा) नंबर मोठा असेल तर चष्मा ठेवावा लागतो. लहान असेल तर १०० पट वर्धनावर आयपीसमधून येणारी उजेडाची शलाका दोनच मिलिमीटरची असते, तेवढ्यात सिलिंडर फारसा जाणवत नाही. पन्नाशीच्या पुढच्यांसाठी: अंधारात आपली बाहुली तरुणांइतकी उघडत नाही, पण शलाका दोन मिलिमीटरची असल्यामुळे इथे आपलं काही नुकसान नाही. मोतीबिंदूची सुरुवात मात्र अडते. माझ्या डाव्या डोळ्यात आहे, त्यातून मघेभोवती वलय दिसतं, म्हणून तो डोळा शोधण्यापुरता.

डोक्यावर काळं कापड घ्या. मी घोंगडी घेते, मार्चमध्ये त्या पाड्यावर मध्यरात्री गारठाही असतो. आत श्वास मात्र नाकाने खाली सोडा, आयपीसवर बाष्प धरतं.

आता प्रत्यक्ष शोध. सिंहेचं डोकं विळ्यासारखं दिसतं, विळ्याच्या मुठीच्या टोकाला मघा. आधी पूर्वेकडच्या एम ९५ वर पंधरा मिनिटं सराव करा, अंधुक डागाची डोळ्याला सवय लागते. तरी फसू नका: एम ९५ ला मध्यभागी उजळ गाभा आहे, सिंह-१ ला नाही. सिंह-१ चा तेवढाच उजेड मोठ्या जागेत पातळ पसरलेला आहे. आणि ती लहानही नाही. १०० पट वर्धनावर तिची पूर्ण लांबी वर्तुळाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी होते. पहिल्यांदा शोधणारे बहुतेक जण ठिपका शोधतात आणि डागातूनच आरपार बघतात.

मघा मध्यभागी आणा. मग दुर्बिणीचं तोंड ध्रुवाच्या दिशेने हलकेच ढकला. आयपीसमध्ये चित्र उलटं असतं म्हणून वर-खाली, डावं-उजवं यांचा विचारच करू नका, फक्त नळी ध्रुवाकडे गेली पाहिजे. मघा कडेकडे सरकेल आणि बाहेर जाईल. ती गेली की तेवढ्याच दिशेने अगदी थोडं आणखी. थांबा. पृथ्वी फिरते तसे क्षेत्रातले तारे पश्चिमेला वाहत राहतील, पण दोघी जवळजवळ एकाच विषुवांशावर (आकाशातल्या रेखांशावर) आहेत, त्यामुळे मघा आपोआप परत आत येत नाही. दर अर्ध्या मिनिटाने नळी पश्चिमेकडे किंचित सरकवत राहा, एवढं पुरे.

नजर बाजूला ठेवून पाच मिनिटं पाहा. काही दिसत नसेल तर नळीवर बोटाने हलकी टिचकी मारा. स्थिर डागापेक्षा हलणारा डाग डोळ्याला आधी कळतो. जे दिसेल ते ढगासारखं नसेल, त्या जागी आकाशाचा काळेपणा थोडा कमी आहे एवढंच वाटेल. येईल, जाईल, परत त्याच जागी येईल.

फसगत कशी होते ते माझ्यावरून सांगते. पहिल्या वर्षी मी २५ मिलिमीटरच्या आयपीसमधून मघेशेजारी एक गोल धूसर डाग पाहिला आणि आनंदाने भाच्याला उठवलं. त्याने दुर्बीण थोडी सरकवली तर मघा एका बाजूला गेली आणि डाग दुसऱ्याच बाजूला. ते आयपीसच्या काचांमधलं मघेचं प्रतिबिंब होतं. "आत्या, दीर्घिका अशी पळत नसते," तो म्हणाला, आणि ते बरोबर होतं. खरी दीर्घिका शेजारच्या बारीक ताऱ्यांना धरून सरकते. ही तपासणी प्रत्येक वेळी करा. आयपीस नळीतल्या नळीत गोल फिरवूनही पाहा, डाग त्याच्यासोबत फिरला तर तो काचेवरचा आहे.

दुसरी तपासणी कागदावर. दोघांनी वेगवेगळं, एकमेकांना न सांगता चित्र काढायचं: क्षेत्रातले तीन-चार तारे, आणि डाग कुठे, कुठल्या बाजूला लांबट. सिंह-१ साधारण पूर्व-पश्चिम लांबट आहे. मघा ज्या कडेने बाहेर गेली ती दक्षिण, तिथे आधीच खूण करून ठेवा म्हणजे चित्राला दिशा मिळते. तिसऱ्या वर्षी, पाडव्याच्या आदल्या आठवड्यात, आम्ही दोघांनी खळ्याच्या दोन टोकांना बसून लाल उजेडात कागद रंगवले. नंतर ते एकावर एक ठेवून टॉर्चसमोर धरले. माझा डाग त्याच्यापेक्षा थोडा मोठा होता, पण दोन्ही एकाच जागी होते आणि दोन्ही मघेच्या कडेला समांतर लांबले होते. आजींना तो कागद दाखवला, त्यांनी बोटाने डाग चाचपला आणि विचारलं, यात किती चांदण्या. काही लाख तर नक्कीच, मी म्हटलं, आणि नव्या चांदण्या जन्मायचं तिथे जवळपास एक अब्ज वर्षांपूर्वीच थांबलं आहे. त्यांनी तो कागद मागून घेतला, त्यामुळे आता माझ्याकडे भाच्याचाच आहे. त्यावर तारीख, वेळ, आयपीस, हवा आणि मधमाश्यांचा पुंज कसा दिसत होता हे लिहिलेलं आहे. तुम्हीही तेवढं लिहाच, पुढच्या वर्षी सर्वांत आधी तेच उघडून बघाल.